हळदीचा रंग आणि माझी नवी चित्रे

सांगलीत राहून कृष्णेच्या घाटांची जलरंगातील चित्रे मी अनेक वर्षे रंगवली आणि त्या कामावर माझे आजही प्रेम आहे. परंतु २०१२ साली कोची-मुझिरिस बिनाले हे केरळमधील समकालीन कलेचे मोठे प्रदर्शन सुरू झाल्यानंतरच्या काळात मांडणशिल्प, व्हिडिओ आणि आता संगणकनिर्मित प्रतिमांकडे रसिकांचे लक्ष वळत गेले, तेव्हा आपल्या चित्राने आज काय सांगावे, हा प्रश्न मला टाळता येईना.

उत्तर माध्यमात सापडले. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद मी रंगद्रव्य म्हणून वापरू लागलो. तिच्यातील कर्क्युमिन हे पिवळे रंगद्रव्य उन्हात फिके पडते, आणि चुन्याच्या निवळीचा स्पर्श होताच पिवळा रंग तांबडा होतो. हळदीपासून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. हातकागदावर हळदीचा थर, त्यावर निवळीच्या रेषा आणि नदीकाठची गाळून घेतलेली काळी माती, एवढ्यावर मी चित्र बांधतो व त्याचा काही भाग मुद्दाम उजेडात ठेवून विरू देतो. टिकाऊपणाला प्रथम स्थान देणाऱ्या ग्राहकाला हे पटत नाही, पण मला ते आवश्यक वाटते.

औंधच्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा यांची चित्रे आणि आधुनिक ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे शिल्प एकाच छताखाली पाहता येतात, म्हणून नवे की जुने या वादात मी फार रमत नाही.

पुढची मालिका हरिपूरच्या पेवांवर असेल. जमिनीखाली हळद साठवणारी ही पेवे २००५ च्या महापुरात मोठ्या प्रमाणावर निकामी झाली. अरुंद तोंड आणि खाली रुंदावत जाणारे पोट हा त्यांचा घाटच कागदाचा आकार ठरवील.