घरात मांजर आलं आणि कुंड्यांची छाननी सुरू झाली

पुण्यातल्या आमच्या फ्लॅटच्या दोन्ही गॅलऱ्या सासूबाईंच्या कुंड्यांनी भरलेल्या आहेत. आमचा कुत्रा ब्रूनो त्या कुंड्यांमध्येच लहानाचा मोठा झाला, पण पानांकडे त्याने कधी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यामुळे कुठलं फुलझाड जनावरांना चालतं हा प्रश्न घरात निघालाच नव्हता. मनी आली आणि तो रोजचाच झाला. पान हललं की तिला ते चावायचंच असतं.

हॉलमधल्या पीस लिलीपासून सगळं सुरू झालं. मनी एकाएकी मान झटकायला लागली, पंजाने तोंड घासायला लागली आणि हनुवटीवरून लाळेची तार लोंबायला लागली. कुंडीत पाहिलं तर एका पानाच्या कडेला दातांची बारीक भोकं. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "लिली म्हणजे नेमकी कुठली? आधी फोटो पाठवा." फोटो पाहिल्यावर त्यांचा आवाज निवळला. ओल्या फडक्याने तोंड पुसा, पाणी पुढे ठेवा, जीभ-ओठ सुजले किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर लगेच घेऊन या, असं त्यांनी सांगितलं. संध्याकाळी ती नेहमीसारखी जेवली.

पीस लिली ही अळूच्या कुळातली. कच्चं अळू घशाला खाजतं ते कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, आणि तेच स्फटिक हिच्या पानांत असतात. अँथुरियम, मनी प्लांट, डिफेनबॅकिया यांच्यातही तेच. तोंडाची आग होते, लाळ गळते, उलटी होते. जीवावर बेतणं विरळा. लिलियम या प्रजातीतली खरी लिली मात्र मांजरांसाठी फार भयंकर आहे. लग्नाच्या आणि वाढदिवसाच्या बुकेंमध्ये असतात ती मोठी, सुवासिक फुलं. पान, पाकळी, अंगावर पडून चाटले गेलेले परागकण, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतं. आधी उलट्या होतात, मग मांजर जरा सावरल्यासारखं दिसतं आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात. म्हणून लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. पहिल्या 18 तासांत सलाइन सुरू झालं तर वाचण्याची आशा बरीच असते. कुत्र्याला याच लिलीने बहुतेक पोटाचा त्रास होतो, मूत्रपिंडाचा नाही. "चालतं का" याचं एकच उत्तर नसतं हे मला इथे कळलं. कुठलं झाड, कुठलं जनावर आणि त्रास किती, तिन्ही विचारावं लागतं.

मग एकेका कुंडीची ओळख पटवायला बसले. यातच सगळ्यात जास्त वेळ गेला. सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीतून आणलेल्या झाडांवर चिठ्ठी नसते, आणि माळीदादा जे नाव सांगतात ते पुढच्या नर्सरीत बदलतं. गूगल लेन्सने अंदाज येतो, पण नुसत्या पानावरून ते चुकतं. फूल आल्यावर पुन्हा फोटो काढावा लागतो. माझी मामेबहीण कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. ती रविवारी येऊन बसली आणि शास्त्रीय नावं लिहून दिली. एकदा ते नाव हातात आलं की एएसपीसीए या अमेरिकेतल्या प्राणीसंस्थेच्या यादीत शोधता येतं. तिथे कुत्रा आणि मांजर यांची नोंद वेगवेगळी असते.

सासूबाईंशी बोलणं नाजूक होतं. पूजेची फुलं त्यांच्या याच कुंड्यांतली. कण्हेर काढायला त्या लगेच तयार झाल्या. कण्हेर विषारी हे त्यांना लहानपणापासून माहीत. तिच्यातलं विष थेट हृदयावर जातं. अडेनियमचंही तसंच, आणि दिवाळीत भेट म्हणून येणाऱ्या कलांचोच्या फुलांतही हृदयाचे ठोके बिघडवणारी द्रव्यं असतात. सदाफुलीला मात्र त्या अडल्या. "अगं, सदाफुली तर औषधी. तिने काय होणार?"

"आई, औषधी आहे म्हणूनच. कॅन्सरवरची व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही औषधं तिच्यापासूनच काढतात. मापात दिलं तर औषध. मनीला कुठलं माप?"

त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग स्वतःच म्हणाल्या, "नणंदेकडे देऊ. तिच्याकडे जनावर नाही." सोसायटीच्या आवारात लावायचं आम्ही दोघींनीही टाळलं, कारण तिथे भटकी मांजरं आणि कुत्री असतात, आणि त्यांच्यासाठी फोन लावणारं कोणी नसतं.

गेलेल्या कुंड्यांच्या जागी आफ्रिकन व्हायोलेट आले. मांजर आणि कुत्रा दोघांनाही ते बिनविषारी. पूर्वेच्या खिडकीत ते छान फुलतात, फक्त पाणी खालच्या ताटलीत घालायचं. पानांवर पडलं की डाग पडतात. फॅलेनॉप्सिस ऑर्किड, होया, गुलाब आणि मोगरा हेही यादीत सुरक्षित होते, म्हणून राहिले. बिनविषारी पान जास्त खाल्लं तरी मांजर ओकतंच, तेव्हा मनीसाठी एका कुंडीत गहू पेरला. तिला तोच आवडतो.

ब्रूनोचा प्रश्न पानांचा नव्हता, मातीचा होता. डॉक्टरांनी आवर्जून विचारलं, "खत कुठलं घालता?" एरंडीच्या पेंडीत रायसिन नावाचं जहाल विष राहू शकतं, आणि वासामुळे कुत्री ती आवडीने खातात. बोनमीलचं, म्हणजे हाडांच्या चुऱ्याच्या खताचंही त्यांना वेड. त्यात रायसिन नसतं, पण भरपूर खाल्लं तर पोटात गोळा होऊन अडकतं. आमच्याकडे पेंडीची अर्धी पिशवी गॅलरीत उघडीच पडलेली होती. ती त्याच दिवशी घराबाहेर गेली. आता फक्त घरचं कंपोस्ट वापरतो, तेही झाकून. त्यात कांदा-लसणाची सालं आणि चहाचा चोथा असतो, आणि ते दोन्ही जनावरांना वाईट.

राहिला मे फ्लॉवर. त्याच्या कंदात लायकोरिन नावाचं विष असतं. सासूबाईंच्या माहेरचा तो कंद, त्यामुळे कोणालाही देऊन टाकायला त्यांचं मन होत नाही. तूर्तास तो वरच्या फडताळात, कागदात गुंडाळून ठेवलाय. मेच्या आधी त्याच्यासाठी घर शोधायचं आहे. माझ्या मामेबहिणीच्या कॉलेजची बाग चालेल का, हे तिला विचारलंय.