आयएसओ फॉल्ट : चोर दोन निघाले

मंडळी, आमच्या सोलर पॅनेलची वीज जमिनीत गळवणारे चोर सापडले. एक नव्हे, दोन. आणि दोघांनी मिळून मला सातव्या पॅनेलच्या मागे लावलं होतं.

पॅनेलचं स्ट्रक्चर जमिनीवर, काळ्या मातीत उभं आहे; त्याच्या खांबांच्या पायाचं रामायण मागे झालंच आहे. पाऊसभर खांब जागचे हलले नाहीत, दोरी धरून पाहिलं. मुरूम भरल्याचं चीज झालं. पण परतीचा पाऊस लागल्यापासून इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारा डबा) रोज सकाळी ‘आयएसओ फॉल्ट’ दाखवून बसायचा (म्हणजे डीसी वायरींचं इन्सुलेशन ठरलेल्या लिमिटखाली गेलंय, वीज जमिनीत गळतेय) आणि दव सुकलं की साडेदहाच्या सुमारास निमूट सुरू व्हायचा. ढगाळ दिवशी तर दुपारपर्यंत शून्य. बसवणाऱ्याला फोन केला की उत्तर ठरलेलं, ‘पावसाळ्यात होतं असं साहेब, सेटिंगमध्ये लिमिट खाली करून देतो.’ नको रे बाबा. छतावर असतं तर एक वेळ ठीक. इथे स्ट्रक्चरखाली शेळ्या चरतात आणि पोरं त्याच लोखंडाला लटकतात.

मग नेहमीची रीत. फॉल्ट असतानाच डीसी आयसोलेटर (पॅनेलकडची लाइन तोडणारा स्विच) बंद, डीसीडीबी म्हणजे डीसीच्या डब्यातली एसपीडीची, म्हणजे विजेच्या झटक्यापासून वाचवणारी कार्ट्रिज बाहेर (ती ठेवून मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावलात तर भलतंच रीडिंग येतं), हातात रबरी मोजे, आणि मल्टिमीटरने आधी प्लस ते अर्थ, मग मायनस ते अर्थ. गळती नसेल तर दोन्ही आकडे घसरत शून्याकडे जातात. असेल तर ठाम उभे राहतात आणि त्यांचं प्रमाण जागा सांगतं. माझी दहाची स्ट्रिंग (एकामागे एक जोडलेली दहा पॅनेल), तेव्हा 480 व्होल्ट, म्हणजे दर पॅनेलला 48. मायनसकडून 312, प्लसकडून 168. 312 भागिले 48, साडेसहा. जोडावर गळती असेल तर पूर्ण आकडा यायला हवा; साडेसहा म्हणजे सातव्याच्या पोटात!

काच, मागची शीट, जंक्शन बॉक्स, सगळं भिंगाने पाहिलं. काही नाही. सातवं स्ट्रिंगमधून काढून नऊच ठेवली तर फॉल्ट तसाच, आणि आकडा आता बरोबर सहा. म्हणजे मी नुकताच केलेला जोड! तो कापून नवा कनेक्टर लावला. आकडा सहाच. वॉरंटीचा अर्ज भरायला घेतला होता, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

अर्ज अर्धवट असताना डोक्यात आलं की दोन ठिकाणी गळती असेल तर मीटर बिचारा दोन्हींच्या मधला आकडा दाखवणार. सातवं परत जोडलं, स्ट्रिंग पाचव्या-सहाव्यामध्ये तोडली आणि दोन्ही तुकडे वेगवेगळे मोजले. पहिल्या पाचांत मायनसकडून 144, म्हणजे तिसऱ्या-चौथ्यामधला जोड. दुसऱ्या पाचांत प्लस ते अर्थ जवळपास शून्य, म्हणजे प्लसची घरापर्यंतची लाइन. 144 आणि 480 यांचा मध्य काढून पाहा. 312!

पहिला चोर: खांबापाशी वायर पुरेना म्हणून घातलेला जोडतुकडा. त्याचा कनेक्टर एका मेकचा, पॅनेलचा दुसऱ्या, आणि क्रिंप, म्हणजे वायरवर दाबून बसवायची पिन, चक्क पकडीने दाबलेली. वर हे सगळं सी-पर्लिनच्या (पॅनेलखालच्या सी आकाराच्या लोखंडी पट्टीच्या) पन्हळीत, साचलेल्या पाण्यात पडलेलं. ‘एमसी4 कम्पॅटिबल’ (सोलरच्या एमसी4 कनेक्टरला चालणारा) या शब्दावर माझा काडीचा विश्वास उरलेला नाही. समोर ज्या मेकचा आहे त्याच मेकचा लावा, नाहीतर दोन्ही बाजू कापून स्टॉबलीचे (मूळ एमसी4 बनवणाऱ्या कंपनीचे) घाला. आणि क्रिंपिंग टूल विकत घ्या, उसनं मागू नका.

दुसरा चोर जमिनीखाली. पाइपातून प्लसची वायर ओढली तर मधोमध जोड, वर काळी पीव्हीसी टेप, आणि पाइप निम्मा पाण्याने भरलेला. त्यानंतर बसवणाऱ्याशी फोनवर जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पर्लिनला खालून भोकं पाडली, कडांना झिंक पेंट दिला, सगळे कनेक्टर ऊन सोसणाऱ्या काळ्या यूव्ही टायने टांगले (पांढरे टाय एका उन्हाळ्यात तुटतात). प्लसची नवी अखंड वायर तात्पुरती कुंपणावरून आणली. दुसऱ्या दिवशी भुरभुर पावसात, सात वाजायच्या आत हिरवा दिवा! घरच्यांना उठवून दाखवला, कुणाला फारसं कौतुक नव्हतं. पुढे ऊन पडलं त्या दिवशी 23 युनिट.

ऋतूप्रमाणे पॅनेलचा कोन बदलायची माझी योजना मात्र रद्द. हलत्या सांध्यावर वायर घासणार, म्हणजे तिसऱ्या चोराला आमंत्रण. 18 अंश आहेत तेच बरे.

हे लिहिता लिहिता वाटलं, इन्व्हर्टरच पॅनेलखाली सावलीत टांगला तर? डीसी लाइन पाच मीटरवर येईल, घरापर्यंत फक्त एसी. पण 22 अँपिअर, 40 मीटर, 6 स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर) तांब्याची केबल धरली तर तेवढा करंट घराकडे ढकलताना इन्व्हर्टरपाशी व्होल्टेज पाचेक व्होल्टनी चढतं. आमच्याकडे लाइनला दुपारी आधीच 249 असतं आणि इन्व्हर्टर 253ला ट्रिप होतो, म्हणजे बंद पडतो. 10 स्क्वेअर घेतली तरी तीन व्होल्ट चढणारच, म्हणजे काठावर. शिवाय तांब्याचा भाव. तेव्हा डीसीच ठेवतो, पण जमिनीखालून नाही. कंपाउंडच्या भिंतीवरून यूव्हीचा पाइप, उतार घरापासून दूर, खालच्या टोकाला निचऱ्याचं भोक. आणखी चार पॅनेल वाढवायचं मनात आहे, तो विषय आता दिवाळीनंतर.