उष्णता पाहायची तर आधी थंडी हवी

आजचा अख्खा दिवस क्वांटम वेल डिटेक्टरसमोर गेला, म्हणजे वस्तूंच्या उष्णतेतून निघणारा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश टिपून चित्र काढणाऱ्या सेन्सरसमोर. कूलर सुरू केला की तापमान ७० केल्विनच्या (साधारण उणे २०० अंश सेल्सिअसच्या) आसपास उतरेपर्यंत स्क्रीनवर नुसता गोंधळ. मग हळूहळू चित्र उमटतं. टेबलावर टेकवलेला हात उचलला तरी पंजाचा ठसा तिथेच! कितीदाही पाहिलं तरी मजा येते.

आत आहे काय, तर गॅलियम आर्सेनाइडचे जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचे थर आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडच्या भिंती. थराची जाडी बदलली की तो कोणती तरंगलांबी टिपणार तेही बदलतं. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेने हे करून दाखवलं. गंमत म्हणजे सरळ समोरून येणारा प्रकाश हे थर जवळजवळ शोषतच नाहीत. प्रत्येक पिक्सेलवर बारीक जाळी कोरून तो तिरका वळवावा लागतो.

दुपारी मात्र गाडी विक्रीवर आली. ग्राहकाचा पहिला प्रश्न ठरलेला: कूलर कशाला? मायक्रोबोलोमीटरला, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या सेन्सरला, तो लागत नाही, शिवाय स्वस्त. खरंच आहे. दारावरच्या कॅमेऱ्यासाठी आमचा माल कोणी घेऊच नये. पण मोठ्या ॲरेत (पिक्सेलच्या ओळी-रकान्यांच्या मांडणीत) सगळे पिक्सेल एकसारखे हवे असतील, तापमानातला अगदी बारीक फरक झटपट टिपायचा असेल, तर बोला. २०१३ मध्ये सोडलेल्या लँडसॅट ८ या पृथ्वीची छायाचित्रं घेणाऱ्या उपग्रहावर याच जातीचे डिटेक्टर आहेत. उपग्रहाचं नाव काढलं की लोक माना डोलावतात, आणि लगेच किंमत विचारतात.