चाकं हवेत फिरली, मग पुढे दोन महिने काय केलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पावसाळा संपल्यावर मी आमच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला होता. जुना गार्डन ट्रॅक्टर स्टँडवर चढवलेला आणि मागची चाकं हवेत गरागरा फिरतायत. तेव्हापासून जो भेटतो तो म्हणतो, "काका, चालत तर होता! मग पुढे दोन महिने कशात घालवलेत?" ("मुंबईत ट्रॅक्टर कशाला?" हा प्रश्न आमच्या हिचा. त्याचं उत्तर तिलाही अजून मिळालेलं नाही.)

ट्रॅक्टर दारूखान्याच्या, म्हणजे मुंबईतल्या भंगार बाजाराच्या, भंगारातला. शिवडीला मित्राच्या शेडचा एक कोपरा मिळाला, तिथेच काम चाललं. याला गिअर बदलायची भानगड नाही, हायड्रोस्टॅटिक आहे, म्हणजे इंजिनचा जोर तेलाच्या दाबाने चाकांपर्यंत पोचतो. इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीने १९६५ साली कब कॅडेट १२३ या गार्डन ट्रॅक्टरमध्ये ही पद्धत दिली. माझा दुसऱ्या मेकचा, पण पोटातली करामत तीच. इंजिन पंप फिरवतं. पंपात छोटे पिस्टन आणि त्यांच्यासमोर कलणारी तबकडी, म्हणजे स्वॉशप्लेट. तबकडी सरळ असली की पिस्टन नुसते गोल फिरतात, तेल ढकलत नाहीत आणि ट्रॅक्टर जागेवर उभा राहतो. लिव्हर पुढे केली की तबकडी कलते, तेल मोटरकडे जातं, तेलाच्या दाबावर फिरणारी ही मोटर चाकं फिरवते. उलट्या बाजूला कलली की रिव्हर्स.

ड्रेन प्लग उघडला तर आतून चक्क कटिंग चहा आला. तेलात पाणी शिरलं होतं. दोनदा धुवून काढलं, फिल्टर बदलला, नवं तेल भरलं. मग हवा काढायची. चाकं वर उचलून इंजिन हळू चालवायचं आणि लिव्हर सावकाश पुढे-मागे करत राहायचं. आत हवा असेपर्यंत पंप कण्हतो. हवा निघते तशी तेलाची पातळी उतरते, पुन्हा भरायचं. कण्हणं थांबलं तेव्हाचा तो व्हिडिओ.

पण हवेतलं चाक फिरवायला जोर लागतोच किती? शिवाय तेल गार होतं. गार तेल जाड असतं, झिजलेल्या फटीही झाकून नेतं. तापलं की पातळ होतं, मग आतल्या आत निसटतं.

म्हणून ट्रॅक्टर खाली उतरवला आणि शेडच्या रॅम्पवर चढ-उतार सुरू केले. वीस मिनिटं मजेत चढला. मग अर्ध्यात थांबला आणि मागे घसरायला लागला. इंजिनचा आवाज मात्र जराही बदलला नाही. मदतीला असलेल्या पोराने चाकाखाली लाकडाचा ठोकळा सरकवला आणि म्हणाला, "काका, इंजिनला पत्ताच नाही!" अगदी बरोबर बोलला. ओझं इंजिनपर्यंत पोचतच नव्हतं, तेल मधेच वाट काढत होतं.

पंप गेला असं धरून मी पोटात गोळा घेऊन बसलो. चहा झाल्यावर सुचलं, वळवून रिव्हर्समध्ये चढवून बघू. तडक वर! पंप-मोटर दोन्ही दिशांना एकच, ती झिजली असती तर दोन्हीकडे रडली असती. चेक व्हॉल्व्ह, म्हणजे तेलाला एकाच बाजूने जाऊ देणाऱ्या झडपा, मात्र दोन, एकेका दिशेचा एकेक. दोघांची अदलाबदल केली आणि पुन्हा तापवून रॅम्पवर. आता पुढे चढला, रिव्हर्सला घसरला. चोर सापडला की! भिंगाखाली बघितलं तर व्हॉल्व्ह जिथे घट्ट बसतो त्या बैठकीवर मोहरीएवढा गंजाचा खड्डा, पाण्याची कृपा.

मशिनरीच्या सामानाचा बाजार असलेली नागदेवी स्ट्रीट पालथी घातली, असला व्हॉल्व्ह नाही. बाहेरून मागवला. तुमचे दोन महिने बहुतेक तिथेच गेले.

व्हॉल्व्ह आल्यावर तासभर तापवून रॅम्पवर घेतला. अर्ध्या चढावर लिव्हर मधे आणून सोडली. ट्रॅक्टर उभा राहिला. पोरगा ठोकळा हातात धरून मागे उभाच.