आमची वाटचाल : दोन ठिपक्यांचे अक्षर

आमच्या भाषांतर आणि अक्षरजुळणीच्या व्यवसायाला १९९७ साली पुण्यात एका खोलीत, एका संगणकावर सुरुवात झाली. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली रशियन आणि मराठी अक्षरजुळणीचा थोडा अनुभव एवढेच भांडवल होते, आणि पहिली कामे जुन्या सोव्हिएत यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची होती. व्याकरण जड जाईल असे वाटले होते. प्रत्यक्षात सर्वांत जास्त सतावले ते रशियन वर्णमालेतील सातव्या अक्षराने, म्हणजे ‘ये’च्या डोक्यावर दोन ठिपके देऊन होणाऱ्या ‘यो’ने.

त्या काळी आलेली फाइल कोणत्या सांकेतिक तक्त्यातली आहे, म्हणजे संगणक कोणत्या अक्षरासाठी कोणता अंक वापरतो, हे आधी ओळखावे लागे. लहान लिपीतला ‘यो’ डॉस या जुन्या संगणक-प्रणालीच्या ८६६ क्रमांकाच्या तक्त्यात २४१ या अंकावर, विंडोजच्या १२५१ मध्ये १८४ वर, तर ई-मेलसाठी रूढ असलेल्या कोई-८ मध्ये १६३ वर होता. तक्ता चुकला की पडद्यावर जो गिचमिड मजकूर उमटे, त्याला रशियन लोक ‘क्राकोझ्याब्री’ म्हणतात. कोई-८ मात्र मोठ्या हुशारीने रचलेला होता : त्यातील बहुतेक अक्षरे उच्चाराने जवळच्या रोमन अक्षरांच्या बरोबर १२८ घरे पुढे बसवलेली असल्याने, वाटेत प्रत्येक अंकातला आठवा बिट (म्हणजे १२८ चा भाग) गळाला तरी मजकूर रोमन लिपीत वाचता येई, फक्त लहान अक्षरे मोठी आणि मोठी अक्षरे लहान होत.

टंकनाचा प्रश्न वेगळाच होता. रशियन कळफलकावर ‘यो’ची कळ अगदी डाव्या कोपऱ्यात, १ च्या शेजारी आहे, आणि तिथवर करंगळी ताणण्याचा कंटाळा खुद्द रशियातही केला जातो. १९५६ च्या नियमांनी सर्वसाधारण छपाईत ठिपके ऐच्छिक ठरवल्यामुळे या कंटाळ्याला आधारही मिळाला. मराठी वर्तमानपत्रांतले ‘गोर्बाचेव्ह’ आणि ‘ख्रुश्चेव्ह’ हे या गळलेल्या ठिपक्यांचेच फळ आहे. मूळ उच्चारात दोन्ही आडनावांच्या शेवटी ‘ओफ’ असा ध्वनी आहे.

सर्व लिप्यांसाठी एकच तक्ता असलेला युनिकोड आल्यावर कटकट संपली असे आम्ही मानले, आणि तिथेच फसलो. त्यात रशियन अक्षरे ०४१० ते ०४४फ (हे सोळाच्या पटीतले अंक, म्हणून ‘फ’) अशी सलग आहेत, पण लहान ‘यो’ त्या ओळीबाहेर ०४५१ वर आणि मोठा ‘यो’ ०४०१ वर आहे. शब्द मोजण्यासाठी आम्ही लिहून घेतलेली आज्ञावली केवळ सलग ओळीतील चिन्हांनाच अक्षर मानत होती. त्यामुळे ‘पद्योम’, म्हणजे उचल, या एका शब्दाचे ‘यो’पाशी दोन तुकडे होऊन दोन शब्द मोजले जात. देयक फुगलेले आहे हे ग्राहकानेच दाखवून दिले आणि आम्ही जादा रक्कम परत केली. सुट्या भागांच्या यादीतही हाच घोटाळा झाला : निव्वळ अंकांनुसार क्रम लावल्याने टाकीसाठीचा ‘योम्कस्त’ हा शब्द ‘ये’च्या शेजारी न येता वर्णमालेतील शेवटच्या ‘या’ अक्षराने सुरू होणाऱ्या शब्दांच्याही मागे, यादीच्या तळाशी गेला. तेव्हापासून क्रम लावताना रशियन भाषेचे नियम निवडल्याखेरीज आम्ही यादी पाठवत नाही.

मॅकवरून आलेल्या काही फाइलींच्या नावांत ‘यो’ एक अक्षर नसून ‘ये’ आणि सुटे ठिपके अशी दोन चिन्हे असत. डोळ्यांना फरक दिसत नसे, पण शोध घेतल्यास नाव सापडत नसे. हे समजायला आम्हाला वेळ लागला नाही, कारण ‘तऱ्हा’मधला ‘ऱ’ही युनिकोडमध्ये एकसंध किंवा ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) अशा दोन्ही प्रकारे लिहिता येतो. आता प्रत्येक फाइल उघडताच ही रूपे एकसारखी करून घेतो.

सध्या आमच्याकडे प्रमाणपत्रे आणि जन्मदाखले अधिक येतात. त्यांत एका कागदावर ठिपके असतात, दुसऱ्यावर नसतात. आम्ही आपल्या मनाने ठिपके देत नाही आणि काढतही नाही. पारपत्राची प्रत मागवतो, आणि फरक राहिलाच तर भाषांतराखाली तशी टीप देतो.