सूपमधलं चिकन काढलं, पाणी तसंच ठेवलं

हॉस्पिटलच्या किचनमध्ये कुक म्हणून मला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, लो सॉल्ट, डायबेटिक, लिक्विड डाएट सगळं झोपेतसुद्धा करून देईन असा एक माज होता, तो एका दुपारी उतरला त्याची ही गोष्ट.

एक काका ऑपरेशनसाठी अॅडमिट होते. ऑपरेशन नीट झालं आणि दोन दिवसांनी मध्यरात्री पायाचा अंगठा लालभडक होऊन टरारून सुजला. गाउट, म्हणजे रक्तातलं युरिक अॅसिड वाढून त्याचे खडे सांध्यात साचतात ते, जुनं दुखणं, ऑपरेशननंतर असा अटॅक उसळतो कधी कधी. अंगठ्याला नुसती चादर लागली तरी ओरडायचे बिचारे. औषध लगेच सुरू झालं आणि आमच्याकडे चिठ्ठी आली, लो प्युरिन, म्हणजे मांस-माशांत भरपूर असणारं प्युरिन नावाचं द्रव्य कमी. मग काय, पांढरा भात, उकडलेला बटाटा, दूध, की झालं. दोन दिवस ट्रे गेला तसाच परत. कुकला ट्रे परत आला की कसं होतं ते कुकलाच माहीत.

तिसऱ्या दिवशी मी डोकं चालवलं. बाकीच्या पेशंटसाठी चिकन सूप हाडांसकट तीन तास उकळत होतं, त्यातलं एक वाटी घेतलं, दोनदा गाळलं, चिकनचा कण ठेवला नाही, वरून गाजर टाकलं, मिरपूड मारली आणि पाठवलं. मांस बंद ना, मग मांस नाहीच आहे की त्यात! वाटी चाटूनपुसून परत आली. मी इतका खूश की स्वतःच जाऊन डाएटिशियन मॅडमना सांगितलं.

मॅडम माझ्यापेक्षा वयाने लहान, शांतपणे विचारलं, "दादा, पाणी कुठलं वापरलंत?"

सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, प्युरिन पाण्यात उतरतं. तुम्ही तुकडे देऊन पाणी फेकलं असतंत तर एकवेळ चाललं असतं."

म्हणजे मी बरोब्बर उलटं केलं होतं. एका वाटीने आभाळ कोसळलं नाही, सूज औषधाने उतरतच होती, पण मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते आजपर्यंत डोक्यात आहे. मांसाच्या रश्श्याला जी ती तोंडात रेंगाळणारी चव असते ना, तिच्यातला मोठा वाटा इनोसिनेटचा, आणि ते प्युरिनच्याच घरातलं. म्हणजे मी ज्याला चव म्हणून तीन तास उकळून उकळून काढत होतो तेच शरीरात मोडून शेवटी युरिक अॅसिड होतं. पण जिभेला तशीच मजा देणारी दुसरी एक गोष्ट आहे, ग्लुटामेट, ते प्युरिन नाही. पिकलेल्या टोमॅटोत असतं, मुरलेल्या चीजमध्ये भरपूर असतं. ग्लुटामेटची ही चव १९०८ मध्ये आणि इनोसिनेटची १९१३ मध्ये, दोन्ही जपानी लोकांनीच ओळखल्या म्हणे. इतकी वर्षं स्वयंपाक करतोय, मला कोणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळसाठी कामाला लागलो. टोमॅटो अर्धे कापून ओव्हनमध्ये कडा काळ्या होईपर्यंत भाजले, सोबत अख्खी लसूण, कांदा मंद आचेवर अर्धा तास परतला अगदी तपकिरी होईपर्यंत, घाई केली की कडू होतो. सगळं वाटून गाळलं, स्निग्धांश काढलेलं दूध शेवटी, गॅस बंद करून घातलं, नाहीतर टोमॅटोच्या आंबटपणाने फाटतं. किसलेलं जुनं चीज चमचाभरच, कारण काकांना बीपी पण होतं आणि चीज खारट, म्हणून वरचं मीठ जवळजवळ नाही, लिंबू पिळलं. सोबत दोन अंड्यांचं ऑम्लेट, अंड्यात प्युरिन जवळपास नसतंच. आणि पालक.

पालक बघून काका बिथरले, म्हणून मॅडमबरोबर मी पण वॉर्डात गेलो. त्यांच्याकडे स्वतःची यादी होती, घडी पडून पडून फाटलेली. डाळी बंद, पालक बंद, मशरूम बंद, टोमॅटो बंद. आणि रोज दोन मोठे ग्लास पॅकबंद फळांचा ज्यूस, कारण फळं चांगली! मॅडम म्हणाल्या, काका, ज्यूस आधी बंद करा, त्यातल्या फ्रुक्टोजने युरिक अॅसिड वाढतं, आणि पालकाला घाबरू नका, २००४ मध्ये सत्तेचाळीस हजारांवर पुरुषांचा बारा वर्षांचा अभ्यास छापून आलाय, त्यात मांस-मासे जास्त खाणाऱ्यांत गाउट जास्त दिसला, भाज्यांच्या प्युरिनने नाही, दूध-दह्यावाल्यांत तर कमी.

काकांनी विचारलं, मग हे सगळं खाऊन गोळ्या सुटतील का? मॅडम सरळ नाही म्हणाल्या. बहुतेक प्युरिन शरीर स्वतःच बनवतं, ताटातून येतं ते साधारण एक तृतीयांश, त्यामुळे रक्तातलं युरिक अॅसिड सहाच्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली ठेवायचं तर बऱ्याच जणांना गोळी लागतेच. मला आवडलं ते, खोटी आशा नाही दाखवली.

रात्री ट्रे आला. ऑम्लेट संपलेलं, पालक संपलेला, वाटी स्वच्छ. खाली नॅपकिनवर पेनने लिहिलेलं, "छान होतं. पण दुपारचं सूप जास्त छान होतं."

तो नॅपकिन मी मॅडमना दाखवला नाही.