होकाराची अडचण

प्रेमात पडलेली दोन माणसे आणि त्यांच्या आड येणारे घरचे, एवढ्याच भांडवलावर विनोदी प्रेमकथा दोन हजारांहून अधिक वर्षे चालत आली आहे. तरीही अलीकडच्या अशा कथा-कादंबऱ्या वाचताना माझी निराशा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते, आणि ते ठिकाण म्हणजे आईवडील. पहिली दोनशे पाने ते आडमुठेपणा करतात आणि मुलाने किंवा मुलीने शेवटी एक भावपूर्ण भाषण ठोकले की लगेच डोळे पुसत आशीर्वाद देऊन मोकळे होतात. आयुष्यभर जपलेला हट्ट असा पाच मिनिटांत सुटत असेल तर तो मुळात हट्ट होता की लेखकाची सोय, असा प्रश्न मला पडतो. घरच्यांच्या विरोधापेक्षा त्यांच्या मायेत विनोदाला कितीतरी जास्त वाव असतो, असे माझे मत आहे. विरोधाशी निदान भांडता तरी येते.

जुन्या लेखकांना विरोध दाखवणे सोपे होते, कारण त्यामागे कायदा आणि पैसा दोन्ही उभे असत. इंग्लंडमध्ये १७५३ साली मंजूर झालेल्या विवाह कायद्यानुसार २१ वर्षांखालील व्यक्तीला पालकांच्या संमतीविना परवाना काढून लग्न करता येत नसे. हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. त्यामुळे सीमेलगतचे ग्रेटना ग्रीन हे गाव पळून जाणाऱ्या जोडप्यांसाठी प्रसिद्ध झाले. रिचर्ड ब्रिन्सली शेरिडन हा त्याच काळातला नाटककार. १७७२ साली एलिझाबेथ लिन्ली या गायिकेला घेऊन तो स्वतः फ्रान्सला पळून गेला होता आणि त्या प्रकरणापायी त्याला दोन द्वंद्वयुद्धे लढावी लागली होती. वयाच्या तेविसाव्या वर्षी त्याचे ‘द रायव्हल्स’ हे नाटक रंगभूमीवर आले. १७ जानेवारी १७७५ चा पहिला प्रयोग साफ पडला. त्याने नाटकाची काटछाट केली, पात्रयोजनेत बदल केला आणि त्याच महिन्यात ते पुन्हा उभे करून गाजवले. घरच्यांच्या अपेक्षा या विषयावर काही लिहायचे असेल तर या नाटकाच्या रचनेचा अभ्यास जरूर करावा, असे मला वाटते.

नाटकातली लिडिया श्रीमंत आहे आणि कादंबऱ्या वाचून वाचून तिला गरिबीचे आणि पळून जाऊन केलेल्या लग्नाचे वेड लागले आहे. म्हणून कॅप्टन जॅक अ‍ॅब्सोल्यूट हा खानदानी तरुण बेव्हर्ली नावाचा कफल्लक अधिकारी बनून तिच्यावर प्रेम करतो. इकडे जॅकचे वडील येऊन सांगतात की त्यांनी त्याचे लग्न ठरवले आहे. माझे मन दुसरीकडे जडले आहे, असे मुलगा म्हणताच ते संतापाने लाल होतात आणि मी म्हणेन तितक्या कुरूप, कुबड आलेल्या बाईशी तुला लग्न करावे लागेल, अशी तंबी देतात. नंतर जॅकला कळते की वडिलांनी ठरवलेली मुलगी लिडियाच आहे. आता तो आज्ञाधारकपणाचा कळस गाठतो: आपल्याला कोणतीही मुलगी चालेल, आपली काही आवडनिवड नाही, असे सांगून भाची लिडिया आणि तिची मावशी यांपैकी नेमकी कोण आपल्या वाट्याला येणार आहे, हेही तो निर्विकारपणे विचारतो. यावर म्हातारा आणखीच भडकतो. इतक्या सुंदर मुलीचे वर्णन ऐकूनही ज्याचे रक्त उसळत नाही, असा दगड आपल्या पोटी कसा आला, हे त्याला समजत नाही. बोलण्याच्या ओघात तो हेही सांगून जातो की त्याने स्वतः जॅकच्या आईला पळवून नेले होते.

या एका प्रसंगात कुटुंबाच्या अपेक्षांचे सगळे गुपित आहे, असे मी मानतो. बापाला आज्ञापालन हवे असते, पण ते आनंदानेही व्हायला हवे असते. मुलाने आपले ऐकावे आणि तरीही आपल्यासारखे बेभान असावे, अशा दोन मागण्या तो एकाच वेळी करतो आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत, हे त्याच्या गावीही नसते. पुढे शेरिडनने आणखी एक वळण दिले आहे. बेव्हर्ली म्हणजेच जॅक, हे उघड झाल्यावर दोन्ही घरांचा होकार आहे हे ऐकून लिडिया रुसून बसते, कारण आता मध्यरात्रीचे पलायन नाही, दोराची शिडी नाही, वर्तमानपत्रात गाजावाजा नाही. घरच्यांच्या संमतीने प्रेमकथेची मजाच घालवली!

आजच्या लेखकाचे काम अवघड आहे, कारण त्याची पात्रे बहुधा तिशीतली आणि कमावती असतात आणि त्यांना कोणी अडवू शकत नाही. मग ती आईला सरळ फोन करून खरे का सांगत नाहीत? या प्रश्नाचे पटणारे उत्तर नसेल तर खोट्या साखरपुड्यांचे आणि भाड्याच्या प्रियकरांचे सगळे डोलारे पहिल्याच प्रकरणात कोसळतात. उत्तर भीतीत शोधले की पात्र दुबळे वाटते; मायेत शोधले तर जमते. समजा, आईच्या काळजीला कंटाळून मुलीने एक प्रियकर कल्पून सांगितला आणि पुढच्या भेटीत तिला दिसले की आईने तातडीच्या संपर्कांच्या यादीत डॉक्टरांच्या खाली, मुलीच्या सख्ख्या भावाच्याही वर, त्या नसलेल्या माणसाचे नाव सुवाच्य अक्षरात लिहिले आहे आणि नंबरासाठी जागा मोकळी सोडली आहे. आईने कसलाच दबाव आणलेला नाही, तिने फक्त विश्वास ठेवला. आता नंबर मागितला जाणार, आणि मुलीला तो नंबर असलेला माणूस पैदा करावा लागणार. हे कथानक आपल्या पायांनी चालू लागते.

राहता राहिला शेवट. मला सर्वांत पटणारा शेवट मेनँडर या ग्रीक नाटककाराच्या ‘डिस्कोलोस’मध्ये आहे. इसवी सनापूर्वी ३१६ मध्ये त्याला स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले होते. पुढे त्याची संहिता हरवली आणि पपायरसवर सापडलेली जवळजवळ संपूर्ण प्रत १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातला क्नेमोन हा तिरसट शेतकरी माणसांचा इतका तिटकारा करतो की त्याच्या मुलीला मागणी घालायला दारापर्यंत जाणेही धोक्याचे असते. एके दिवशी तो विहिरीत पडतो आणि ज्याच्याशी त्याने कधी धड संबंध ठेवला नाही, तो सावत्र मुलगा त्याला बाहेर काढतो. आपण कोणावाचून अडत नाही, हा समज चुकीचा होता, एवढे तो कबूल करतो आणि मुलीचे लग्न ठरवण्याचे काम त्या सावत्र मुलावर सोपवतो. मात्र तो गोड होत नाही. लग्नाची मेजवानी चालू असताना त्याला घरात एकटेच पडून राहायचे असते, आणि शेवटी एक गुलाम आणि एक स्वयंपाकी त्याला मनसोक्त छळून, उचलून, त्याच्या शिव्या खात मेजवानीत नेतात.